अभिमान कशाचा बाळगावा?

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा होतो. कविवर्यांचे बहुतेक आयुष्य नाशकात गेले, तेव्हा या शहराला त्या दिवशी विशेष आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यानंतर तीन-चार दिवसांनी येणारी २ मार्च ही तारीख अद्याप सर्व नाशिककरांची झालेली नाही. आपल्या अभिमानाची परीक्षा खरी होते ती येथेच.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने मंदिरापाशी आले. दरवाजे बंद होते. पुढे रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. तरीही दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा काही वर्षे नेटाने चालविला. दार उघडले नाहीच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, त्यामागे या बंद दाराचाही अनुभव होता. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४७ साली.

हा तर लज्जेचा इतिहास, तो अभिमानाच्या यादीत कसा घालावा, असे कोणी विचारील. पण दार लावणारे नाशिकचे होते, तसेच दारापुढे बसणाऱ्यांतही या जिल्ह्याची माणसे होती. पूर्वजांपैकी कोणाचा वारसा सांगावयाचा, एवढाच प्रश्न आहे. कुसुमाग्रजांनी तो विशीतच सोडविला होता. १९३२ मध्ये, मंदिराची दारे ज्यांना कधीच बंद नव्हती अशा समाजातला हा तरुण, या सत्याग्रहात सहभागी झाला. या दोन तारखा परस्परांपासून दूर नाहीत, हे त्यांच्याच चरित्रावरून दिसते.

गोदावरीच्या काठी जन्म झाला, यात जन्मणाऱ्याचे कर्तृत्व काही नाही. त्याबद्दल कृतज्ञता असावी, ताठा नसावा. निरोगी अभिमान ओळखण्याची खूण साधी आहे : तो माणसावर काही जबाबदारी टाकतो. भाषेचा अभिमान असेल तर मुलाच्या हाती मराठी पुस्तक द्यावे लागते. नदीचा असेल तर ती स्वच्छ ठेवावी लागते. सत्याग्रहाचा असेल तर आज कोणते दार कोणासाठी बंद आहे, हे पाहावे लागते. जो अभिमान काहीच मागत नाही, केवळ घोषणा पुरवितो, तो अहंकाराचाच सोयीस्कर अवतार होय.

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या थोरवीचे गोडवे पुन्हा गायले जातील. त्यांत १९३० च्या त्या सत्याग्रहींचे नाव शाळेच्या फलकावर आणि कार्यालयाच्या समारंभात तितक्याच आपुलकीने आले, तर या शहराचा अभिमान निरोगी आहे असे म्हणता येईल.