थर्टी-थर्टी जुनं झालं म्हणे!

हरणांचा सीझन तोंडावर आलाय, म्हणून शेजारच्या आजोबांबरोबर काडतुसं घ्यायला गेलो होतो. त्यांनी थर्टी-थर्टीची पेटी मागितली. काउंटरवरचा पोरगा हसला. "ती रायफल आता भिंतीवर टांगा," म्हणाला आणि हजार यार्डांपर्यंतच्या आकड्यांचा तक्ता पुढे सरकवला. आजोबा काही बोलले नाहीत. मला मात्र राहवेना.

आधी हे 'जुनं' काय आहे ते बघा. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टरची १८९४ ची लिव्हरवाली रायफल, आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी आलेलं हे बिनधुराच्या दारूचं काडतूस. नावातला पहिला तीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे तीस शतांश. दुसरा तीस म्हणजे तीस ग्रेन दारू. प्रतिस्पर्ध्यांना आपल्या मालावर विंचेस्टरचं नाव नको होतं, त्यातून हे आकडे रूढ झाले! त्या मॉडेलच्या ७० लाखांहून जास्त रायफली निघाल्या. लोक काय वेडे होते?

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत हरीण दिसतं तेच पन्नास-शंभर यार्डांवर. तिथे १५० किंवा १७० ग्रेनची गोळी चोख काम करते. रायफल हलकी, खांद्याला धक्का कमी.

उणीव आहे, मान्य. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटली तर स्फोट होईल, म्हणून गोळीचं नाक चपटं. त्यामुळे वेग लवकर मरतो आणि दोनशे यार्डांपुढे भरवसा नाही. वायोमिंगच्या उघड्या माळावर हे नेऊ नका. पण याच उणिवेमुळे माणसाला जवळ जावं लागतं, वारा बघावा लागतो आणि जमत नसेल तर बंदूक खाली करावी लागते.

तक्ता हे शिकवत नाही. चारशे यार्डांवर गोळी पोचेपर्यंत हरीण एक पाऊल टाकतं, आणि काळजाऐवजी पोट फुटतं. गेल्या वर्षी कुणीतरी शेतापल्याडून मारलेल्या हरणाच्या रक्ताच्या थेंबांमागे आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत फिरलो. सापडलं नाही. ते कुठेतरी रात्रभर तडफडलं असणार. याची जबाबदारी कुणाची?

"तुम्ही मराठी माणसं शिकारीचं कौतुक कसलं करता?" असं विचारणाऱ्यांना सांगतो, भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला ते योग्यच झालं. इथेही १९०० च्या सुमारास बाजारासाठी मारून मारून हरणं संपत आली होती. तेव्हा थर्टी-थर्टी होतंच की! हरणं काडतुसाने वाचली नाहीत, मर्यादेने वाचली. १९०० चा लेसी कायदा आला, सीझन ठरले, परवाने आले. १९३७ च्या कायद्यापासून रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांसाठी जातो.

म्हणून दुकानदारांना एकच सांगणं: तक्ता दाखवण्याआधी गिऱ्हाईकाला विचारा, "बाबा रे, तुझा सराव किती यार्डांचा?" आणि नव्याने शिकारीला लागलेल्या आपल्या पोरांनो, लांबून मारण्यात मर्दुमकी नाही.

आजोबांनी शेवटी थर्टी-थर्टीच घेतलं. वीस काडतुसांची पेटी त्यांना सरावासकट दोन सीझन पुरते.