बंदूक दुसऱ्याची, जाब मात्र कामगाराला!



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, खाजगीकरण हे विषय आपल्या प्रत्येक सभेत असतात, आणि असलेच पाहिजेत. पण एक विषय आजवर कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर आलेला नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आपल्या गाड्यांमधून बंदुका, पिस्तुले आणि काडतुसे जातात. काही परवान्याची, काही बिनपरवान्याची. त्यांच्याबाबत कायद्याने आपल्या डोक्यावर कोणते ओझे ठेवले आहे, हे आपल्यातील शंभरातल्या पाच जणांनाही ठाऊक नसेल. प्रशासनाने ते सांगितले नाही, म्हणून संघटनेने सांगणे भाग आहे.

इंग्रजांचा १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या कलम ३६ चे दुसरे पोटकलम प्रत्येक टीसी, गार्ड, पार्सल क्लार्क आणि हमालाने समजून घ्यावे. रेल्वेवर किंवा दुसऱ्या कोणत्याही वाहनावर काम करणाऱ्या माणसाला वाटेतल्या एखाद्या पेटीत, गाठोड्यात किंवा गाठीत बेकायदा शस्त्र असल्याचा संशय येण्यास कारण असेल, तर त्याने जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला खबर दिलीच पाहिजे. खबर दिली नाही, तर त्याला सबळ कारण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कामगारावरच! खुनाच्या खटल्यातही गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे मात्र आपल्या गप्प बसण्याचे कारण आपणच सिद्ध करायचे. ज्या तरतुदीच्या भंगाला या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, तिला कलम ३० लागू होते. म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता कलम २० पाहा. कोणी संशयास्पद रीतीने शस्त्र नेत असेल, मग त्याच्याकडे परवाना असो वा नसो, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करण्याचा आणि शस्त्र जप्त करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेट व पोलिसांबरोबर रेल्वेवर काम करणाऱ्या माणसालाही दिलेला आहे. म्हणजे रात्री दोन वाजता चार-पाच डब्यांची तपासणी एकट्याने करणारा टीसी कायद्याच्या पुस्तकात अर्धा फौजदार आहे. फौजदाराच्या कमरेला पिस्तूल असते, मागे शिपाई असतात. टीसीच्या हातात तक्ता, पावतीपुस्तक, फार तर एक मशीन.

या दोन कलमांतला फरक नीट लक्षात ठेवा. कलम २० खाली अटक ‘करता येईल’, कलम ३६ खाली खबर ‘दिलीच पाहिजे’. अटक ऐच्छिक आहे, खबर सक्तीची आहे. उद्या एखादा साहेब म्हणाला, “तू त्याला धरले का नाहीस?” तर छातीठोकपणे सांगा की कायद्याने मला अधिकार दिला आहे, सक्ती केलेली नाही. पण खबर दिली नाही, तर तुमच्या बाजूने बोलणे संघटनेलाही जड जाईल.

संशय यायचा तरी कशावरून? बंदुकीचा परवाना म्हणजे देशभर कुठेही बंदूक नेण्याचा पास नव्हे. परवान्याला हद्द असते. कुणाचा एका जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, कुणाचा साऱ्या देशासाठी. आपली हावडा मेल मुंबईहून निघते आणि महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल अशी पाच राज्ये तुडवत जाते. गोंदियापर्यंत कायदेशीर असलेली बंदूक राजनांदगावला बेकायदा ठरू शकते. डबा तोच, बाक तोच, माणूस तोच! परवान्याचा कागद कसा वाचायचा, हद्द कुठे लिहिलेली असते, मुदत कशी पाहायची, याचा धडा कोणत्या ट्रेनिंग स्कूलमध्ये मिळाला? आरक्षणाच्या तक्त्यात शस्त्राचा रकाना आहे काय? विमानाच्या प्रवाशाला बंदूक जवळ ठेवता येत नाही. ती आधी जाहीर करावी लागते आणि रिकामी करून सामानाच्या कप्प्यात जाते. विमानाला एक न्याय आणि स्लीपर डब्याला दुसरा, हे का?

पार्सलची कथा याहून वाईट. गाडीच्या एस.एल.आर. डब्यांतील जागा प्रशासन खाजगी ठेकेदारांना लीजवर देते. माल त्यांचा, भरणारी माणसे त्यांची. गाठीत काय आहे हे आपल्या कामगाराने पाहिलेलेही नसते. नफा ठेकेदाराचा, महसूल रेल्वेचा, आणि गाठ फुटून काडतुसे सांडली की पहिला जबाब पार्सल क्लार्कचा!

पोलिसांकडे जावे, तर तिथेही दोन दारे. आर.पी.एफ. केंद्राचे, जी.आर.पी. राज्याचे. शस्त्राचा गुन्हा नोंदवायचा तो जी.आर.पी.ने, आणि गाडीने राज्याची हद्द ओलांडली की जी.आर.पी. बदलते. टीसीने मेमो दिला, तर तो आपल्या हद्दीतला नाही म्हणून पुढच्या स्टेशनकडे बोट दाखविले जाते. मेमोची पोच मिळविणे म्हणजे दिव्यच.

टपाल खात्यातील बंधूंनी हा आपला विषय नाही असे समजू नये. आर.एम.एस.चा सॉर्टर धावत्या गाडीत पिशव्या हाताळतो, तेव्हा तोही रेल्वेवर काम करणाराच. शिवाय कलम ३६ च्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे या कायद्याखालील गुन्हा माहीत असलेल्या प्रत्येकावर खबर देण्याची सक्ती आहे. १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. पण पार्सल उचलणारे हात तेच राहिले, आणि आत काय आहे ते कळायला त्या हातांना डोळे दिले नाहीत.

प्रशासन म्हणेल, घाबरता कशाला? कलम ४० ने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. आहे, मान्य. पण आमच्या माणसाला रडविते ती १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखालची चार्जशीट. वजनदार प्रवाशाची तक्रार आली, गाडी दहा मिनिटे थांबली, की उद्धट वर्तनाची आणि खोळंब्याची चौकशी सुरू. तिथे सद्भावना कोण विचारतो?

आणि बंदूक नेणारा दर वेळी गुंडच असतो असेही नाही. बँकेच्या आणि कारखान्याच्या दारावर उभा राहणारा सुरक्षा रक्षक अनेकदा गावाकडच्या परवान्याची बंदूक घेऊन परराज्यातून येतो. परवान्याची हद्द त्याला कोणी समजावलेली नसते. पकडला तर तुरुंगात तो जातो, त्याला आणणारी एजन्सी नामानिराळी. तोही कामगारच आहे. कंपनीच्या गुन्ह्याला तिच्या चालकांना जबाबदार धरणारे कलम ३३ याच कायद्यात आहे. ते एजन्सीच्या मालकाला का लावीत नाहीत?

२०१९ साली संसदेने हा कायदा दुरुस्त केला. एका माणसाकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, शिक्षा वाढविल्या. कलम ३६ च्या ओझ्याला मात्र कोणी हात लावला नाही. ३१ जुलै २०२३ रोजी मुंबईकडे येणाऱ्या जयपूर गाडीत आर.पी.एफ. शिपायाच्या सरकारी शस्त्रातून गोळ्या सुटल्या आणि चार माणसे गेली. धावत्या गाडीत पळायला वाट नसते, हे त्यानंतर तरी बोर्डाला कळायला हवे होते.

आमचा कामगार जबाबदारी टाळणारा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सी.एस.टी.वर गोळ्या सुटत असताना उद्घोषक विष्णू झेंडे जागेवरून हलले नाहीत. घोषणा करकरून त्यांनी प्रवाशांना बाहेरची वाट दाखविली. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, माईक होता. आम्हीही आमचा माईकच मागत आहोत.

म्हणून आमच्या मागण्या: शस्त्र नेणाऱ्या प्रवाशाने ते आधी जाहीर करावे आणि त्याची नोंद तक्त्यात यावी. शस्त्र रिकामे व कुलूपबंद असावे. लीजच्या मालासह प्रत्येक पार्सल स्वीकारण्यापूर्वी यंत्राने तपासावे. रात्रीच्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत पोलीस असावेत. मेमोची पोच त्याच स्टेशनवर मिळावी, हद्दीची सबब चालणार नाही. खबर देणाऱ्यावर त्या कारणाने चार्जशीट नको. आणि कामगाराला या कायद्याचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्यावे.

तोपर्यंत प्रत्येकाने एवढे करावे. संशय आला तर एकट्याने पेटी उघडू नये, अंगावर जाऊ नये. लगेच लेखी मेमो द्यावा, वेळ व डबा क्रमांक लिहावा, पोच मागावी, एक प्रत स्वतःजवळ आणि एक शाखेकडे द्यावी. पोच नाकारली तर तेही लिहून ठेवावे. उद्या जाब विचारला जाईल तेव्हा तो कागदच तुमचे सबळ कारण ठरेल, आणि तो हातात घेऊन संघटना तुमच्या शेजारी उभी राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!