कागद कोणता, ते आधी विचारा

१९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी अध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी १ लाख डॉलर मागणाऱ्या घोषणापत्रावर सही केली. आपल्याकडे तेव्हा शनिवार उजाडायचा होता. वाणिज्यमंत्री लटनिक म्हणाले, ही रक्कम दरवर्षी भरावी लागेल. बड्या कंपन्यांनी सुट्टीवर आलेल्या कर्मचाऱ्यांना ‘ताबडतोब परत या’ असे ईमेल धाडले, आणि लोकांनी मिळेल त्या भावात तिकिटं काढली. शनिवारी खुलासा आला: रक्कम एकदाच, तीही २१ सप्टेंबरपासून दाखल होणाऱ्या नव्या अर्जांपुरती. ज्यांच्या हातात व्हिसा आहे, त्यांना ती लागू नाही. घोषणापत्राला १२ महिन्यांची मुदतही होती, आणि ती त्या मजकुरातच लिहिलेली होती.

तिकिटं काढणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मजकूर सैल होता, वर मंत्री भलतंच बोलत होते. पण ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि जे स्वतः तिकडे आहेत, त्या सगळ्यांना एक विनंती आहे. ‘अमेरिकन सरकारने’ अशी सुरुवात असलेला मेसेज आला की पुढे ढकलण्याआधी दोन प्रश्न विचारा. कोणत्या खात्याने? आणि कोणत्या कागदावर?

आधी खात्याचं बघू. एका एच-१बीच्या फाइलला चार दारं लागतात. कंपनी पगाराबाबतचा एलसीए हा अर्ज मंजूर करून घेते तो श्रम खात्याकडून. मुख्य अर्ज जातो यूएससीआयएसकडे, म्हणजे गृहसुरक्षा खात्याच्या एका शाखेकडे. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारतो तो परराष्ट्र खात्याचा अधिकारी, आपल्यासाठी बहुधा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. आणि विमानतळावर आत सोडायचं की नाही, किती दिवसांसाठी सोडायचं, हे सीबीपी या सीमा-तपासणी यंत्रणेचा अधिकारी ठरवतो. तो जी तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर टाकतो तीच राहण्याची खरी मुदत, व्हिसावरची नव्हे. पासपोर्ट लवकर संपत असेल तर ही तारीख तोकडी पडते, म्हणून उतरल्यावर आय-९४ ऑनलाइन उघडून बघाच. पुढे सोशल सिक्युरिटी नंबर देणारं कार्यालय निराळं, आणि कर घेणारी आयआरएस अर्थखात्याची. एका खात्याचं अडलं म्हणून दुसऱ्याच्या हेल्पलाइनवर तासभर ताटकळण्यात अर्थ नाही.

शटडाउनच्या बातमीलाही हेच लागू. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १ ऑक्टोबरच्या आत खर्चाला मंजुरी दिली नाही की खाती थांबतात, पण सगळी नाही. २०२५ च्या शटडाउनमध्ये श्रम खात्यातले एलसीए अडकले, यूएससीआयएस मात्र चालू राहिलं, कारण ते मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं.

आता कागद. इथे आपण सर्वांत जास्त फसतो. अध्यक्षांची सही, खात्याचा नियम आणि काँग्रेसचा कायदा या तिन्हींची बातमी टीव्हीवर एकाच आवाजात वाचली जाते. आपण मात्र शासन निर्णय, परिपत्रक आणि अधिनियम यांत फरक करणारी माणसं आहोत. तोच डोळा इकडेही वापरा.

वर्षाला ६५ हजार एच-१बी, अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, हे सारं काँग्रेसच्या कायद्यात आहे. कोणताही अध्यक्ष सही करून ते आकडे वाढवू शकत नाही. ‘भारतीयांची ग्रीन कार्डची रांग पुढच्या महिन्यात संपणार’ असं कुणी सांगितलं तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं का, एवढंच विचारा. झालं नसेल तर ती थाप आहे.

एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या काही जोडीदारांना नोकरीची मुभा मिळाली ती २०१५ मध्ये, खात्याच्या नियमाने. हा नियम रद्द करण्याचा बेत २०१७ च्या अखेरीस सरकारच्या कार्यसूचीत आला. आपल्याकडे त्याच आठवड्यात ‘एच-४ ची नोकरी गेली’ अशी हाकाटी सुरू झाली. पण खात्याने केलेला नियम मोडायलाही त्याच वाटेने जावं लागतं: मसुदा तयार करा, व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडून तपासून घ्या, फेडरल रजिस्टर नावाच्या रोजच्या राजपत्रात छापा, लोकांची मतं मागवा, ती वाचून उत्तरं द्या, मग अंतिम नियम काढा. हा मसुदा २०१९ मध्ये तपासणीपर्यंत पोहोचला, राजपत्रात कधी छापलाच गेला नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. इतकी वर्षं तो नियम जागच्या जागी होता.

ही वाट चुकवली तर काय होतं, तेही घडलेलं आहे. एसटीईएम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित शाखांतल्या विद्यार्थ्यांना ओपीटीची (शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीची) १७ महिन्यांची वाढ २००८ मध्ये दिली गेली ती लोकांची मतं न मागवताच. २०१५ मध्ये न्यायालयाने नेमक्या याच कारणासाठी तो नियम रद्दबातल ठरवला, फक्त नवा करायला सवड दिली. खात्याने मग रीतसर मसुदा छापला, त्यावर ५० हजारांहून अधिक मतं आली आणि २०१६ मध्ये २४ महिन्यांचा नवा नियम निघाला. ही रीत १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याची आहे. आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोपर ब्राइट खटल्यात ठरवलं, की कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल तर केवळ खातं म्हणतं म्हणून न्यायाधीशांनी मान डोलावायची नाही. त्यामुळे नियमांना न्यायालयात आव्हान देणं आता आणखी सोपं झालं आहे. हे आपल्या बाजूनेही वापरलं जाईल आणि विरुद्धही.

खातेवाल्यांविषयी थोडं. अध्यक्ष बदलला की सुमारे ४ हजार राजकीय नेमणुका बदलतात, पण नागरी कर्मचारी २० लाखांच्या वर आहेत. पूर्वी पोस्टमास्तरसुद्धा पक्षाची माणसं असत. १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एकाने अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली, आणि १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने गुणवत्तेवर भरतीची सुरुवात झाली. टेबलामागचा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या पक्षाचा नसतो. तो चिडचिडा असतो, पण तसे लोक कुठे नसतात!

फाइल महिनोन्‌महिने हलत नसेल तर तिकडे आपण राहतो त्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जा. खात्यांकडे चौकशी करण्यासाठी तिथे खास माणसं असतात, संमतीच्या फॉर्मवर सही घेतात आणि पत्र धाडतात. निकाल बदलून देणं त्यांच्या हातात नसतं, फाइल कुठे आहे ते मात्र कळतं. आपली फाइल स्वतः वाचायची असेल तर तिथला माहितीचा कायदा १९६६ चा आहे, आणि तो वापरायला नागरिक असावं लागत नाही.

फोनवर धमकावणाऱ्याला मात्र सरकार समजू नका. आयआरएस सहसा आधी टपालाने पत्र पाठवते, गिफ्ट कार्डांत कर मागत नाही. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घातले ती बनावट आयआरएसची कॉल सेंटरं आपल्या मीरा रोडलाच होती.

पुढच्या वेळी एच-१बी, एच-४ किंवा ओपीटीच्या नियमाचा मसुदा फेडरल रजिस्टरमध्ये छापून येईल तेव्हा ग्रुपवर हळहळत बसू नका. मत नोंदवायला बहुधा ३० ते ६० दिवस मिळतात, रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी स्थळावर फी लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. ढकललेला तयार मजकूर चिकटवू नका. आपल्या घरावर काय परिणाम होईल ते चार-पाच साध्या वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मुदतीच्या आत पाठवा.