दोष बंदुकीचा, दारूचा की सैनिकाचा?

आधीच सांगतो, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुढे माझी मजल कधी गेलेली नाही. पण एक प्रश्न लहानपणापासून डोक्यात होता. चाप दाबून धरला की गोळ्या धडाधड सुटतात. मग रिकामी पुंगळी काढून नवं काडतूस भरतं कोण? आत ना मोटर, ना बॅटरी!

गंमत म्हणजे हे काम दारूच करते. दारू जळून झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीला वाटेत एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा वायू त्यातून निसटतो. एके-४७ मध्ये तो एका दट्ट्याला मागे ढकलतो, एम-१६ मध्ये पातळ नळीतून थेट बोल्टपाशी जातो. बोल्ट म्हणजे काडतुसामागचं कडी लावलेलं दार समजा. धक्क्याने बोल्ट फिरतो, कडी निघते, दार मागे सरकतं आणि पुंगळी ओढून बाहेर फेकतं. मागे दबलेली स्प्रिंग दाराला परत पुढे लोटते. जाता जाता ते मॅगझिनमधलं वरचं काडतूस आत ढकलतं, आणि कडी बसते. मिनिटाला ६०० गोळ्या धरल्या तर हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शात!

सगळा खेळ वेळेचा आहे. दाबाने पुंगळी फुगून भिंतीला घट्ट बसलेली असते. दाब उतरायच्या आत ओढली तर ती अडकते.

व्हिएतनाममध्ये नेमकं हेच झालं. एम-१६ ज्या दारूवर जुळवली होती, ती १९६४ मध्ये बदलली. नव्या दारूने भोकापाशी दाब वाढला, बोल्ट जास्त जोरात मागे येऊ लागला, आत घाणही जास्त साचू लागली. काडतूस बसायच्या जागेला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि सफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं. ऐन चकमकीत सैनिक नळीत पुढून गज घालून पुंगळ्या काढत होते. काही जण तशीच अडकलेली रायफल हातात घेऊन मेले. आणि वरून ऐकायला काय मिळत होतं? तुम्ही बंदूक साफ ठेवत नाही! १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली, तेव्हा दारूच्या बदलावर बोट ठेवलं गेलं.

हे वाचताना मला घाम फुटला. कारण मागे एकदा एका ग्राहकाची बिलं चुकत होती, आणि मी तीन दिवस फोनवर त्यांच्या अकाउंटंटबाईंना ऐकवत होतो, "मॅडम, तुम्हीच आकडे चुकीचे भरताय." चौथ्या दिवशी कळलं, आम्हीच एक लायब्ररी बदलली होती. नाव तेच, काम तेच, म्हणून पुन्हा चाचणी घेतली नव्हती.

माझं मत साधं आहे. दारू बदलली की रायफल नवी समजा आणि चाचणी पहिल्यापासून घ्या. आणि तोवर चाप दाबणाऱ्याला बोल लावू नका. आमच्याकडे बिलंच चुकली, ती दुरुस्त झाली. बाईंची माफी मात्र मी फार उशिरा मागितली.