घड्याळ आपलं, चावी कुणाची?

भाऊबीज असो, आईची पन्नाशी असो की लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, हल्ली घरातल्या बाईला द्यायच्या भेटींत साडीच्या जोडीला एक नवी वस्तू आली आहे. स्मार्टवॉच! पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं मोठ्या हौसेने ते आईच्या मनगटावर बांधतात. "आई, रोज किती चाललीस ते कळेल, झोप किती झाली ते कळेल, हृदयाचे ठोकेसुद्धा कळतील," असं सांगतात. आईही मग पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाताना ते आठवणीने घालते. ठरलेली पावलं पूर्ण झाली की घड्याळ थरथरतं आणि शाबासकी देतं. घरात बाईला शाबासकी देणारं दुसरं असतंच कोण म्हणा! त्यामुळे नव्याचे नऊ दिवस सरले तरी ह्या घड्याळाचं कौतुक काही सरत नाही.

हे घड्याळ घेताना आपण दुकानदाराला बरंच काही विचारतो. भांडी घासताना पाणी लागलं तर चालेल का? चार्जिंग किती दिवस टिकतं? पट्टा दुसऱ्या रंगाचा मिळेल का? पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ज्या कंपनीने हे बनवलं, ती उद्या बंद पडली तर माझ्या घड्याळाचं काय होणार?

तुम्ही म्हणाल, काय होणार? घड्याळ माझं आहे, पैसे मोजले आहेत, ते चालतच राहणार. आपल्या आई-आजीच्या घड्याळांचा अनुभव तसाच आहे. पण ह्या नव्या घड्याळाचा हिशोब वेगळा आहे.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्या पोळी-भाजीचे डबे देतात. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शिलकीतून तीन हजारांचं घड्याळ घेतलं. दीड वर्ष झकास चाललं. मग मुलाने नवा मोबाईल घेऊन दिला आणि त्या मोबाईलवर घड्याळाचं ॲप काही मिळेना. कंपनीने गाशा गुंडाळला होता. ॲप नाही म्हटल्यावर घड्याळ आणि मोबाईलची गाठच पडेना. दुकानदाराने हात वर केले, "वैनी, कंपनीच ऱ्हायली न्हाई, आम्ही तरी काय करणार?" मग त्या महाद्वार रोडच्या एका घड्याळजींकडे गेल्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ह्यात बिघाडच नाही. मी दुरुस्त काय करू?"

मला वाटतं, सगळं दुखणं ह्या एका वाक्यात आलं. वस्तू धडधाकट आहे, पण निकामी आहे!

असं का होतं ते जरा समजून घेऊ या. साधं घड्याळ स्वतःपुरतं पूर्ण असतं. चावी दिली किंवा सेल बदलला की ते चालतं. स्मार्टवॉच मात्र एका साखळीचं टोक आहे. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा आपल्या कातडीवर उजेड टाकून नाडीचे ठोके मोजतो. ते आकडे मोबाईलमधल्या ॲपकडे जातात आणि बहुतेक वेळा तिथून पुढे कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर साठवले जातात. मोबाईलची यंत्रणा दर वर्षी बदलते, तसं ॲपही सुधारत राहावं लागतं. हे काम पगार घेणारी माणसं करतात आणि सर्व्हरलाही महिन्याचा खर्च असतो. कंपनी बुडाली की पगार थांबतो, सर्व्हर बंद होतो आणि साखळी मधोमध तुटते. कित्येक घड्याळं तर ॲपशिवाय पहिल्यांदा सुरूसुद्धा होत नाहीत. म्हणजे घड्याळ आपल्या मनगटावर, पण त्याची चावी कंपनीच्या हातात!

आता जुनं उदाहरण बघा. आपल्यापैकी किती जणींच्या वडिलांकडे एचएमटीचं घड्याळ होतं? बहुतेकींच्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरमध्ये ही सरकारी घड्याळं तयार होऊ लागली. 'जनता' आणि 'पायलट' ही नावं घराघरांत पोचली. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं म्हणजे एचएमटीचंच, असा तो काळ होता. पुढे तोटा वाढत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण त्या दिवशी कुणाच्या वडिलांचं घड्याळ थांबलं का? नाही! आजही ते कपाटातून काढून चावी दिली तर टिकटिक करतं. बंद पडलंच तर घड्याळजी ते उघडतो, तेल देतो, दुसऱ्या जुन्या घड्याळातला भाग काढून ह्यात बसवतो. कंपनी गेली, घड्याळ राहिलं.

हीच गोष्ट आपल्या मराठवाड्यातल्या व्हिडिओकॉनची. औरंगाबादजवळ चितेगावला तिचा मोठा कारखाना होता. तिचे टीव्ही आणि वॉशिंग मशीन महाराष्ट्रभर घरोघरी गेले. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉनविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. पण ज्यांच्या घरी मशीन होतं, त्यांचे कपडे दुसऱ्या दिवशीही धुतले गेलेच. पट्टा तुटला, मोटर जळली तर गल्लीतला मेकॅनिक येऊन काम करून जातो. कारण मशीन धुणं धुण्यासाठी कंपनीची परवानगी मागत नाही.

आणि आता स्मार्टवॉचचं उदाहरण. अमेरिकेत पेबल नावाची कंपनी होती. (ह्याच नावाची एक भारतीय कंपनीही घड्याळं विकते. तिचा ह्याच्याशी संबंध नाही.) २०१२ साली तिने लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आणि पुढे वीस लाखांवर घड्याळं विकली. डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद झाली. वॉरंटी संपली, दुरुस्ती संपली. तिचं तंत्रज्ञान फिटबिट कंपनीने घेतलं आणि सर्व्हर चालू ठेवले, तेही ३० जून २०१८ पर्यंतच. त्यानंतर ती घड्याळं अर्धवट पांगळी व्हायची होती. पण ती वापरणारे काही जाणकार एकत्र आले. त्यांनी 'रेबल' नावाने स्वतःचा सर्व्हर उभा केला आणि घड्याळं जिवंत ठेवली. पुढे फिटबिट गूगलने विकत घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबल घड्याळाची मूळ संगणकीय प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली. मग पेबलच्या मूळ संस्थापकानेच त्या प्रणालीवर चालणारी नवी घड्याळं आणली.

ह्यातून काय समजायचं? कंपनी बंद होणं हे काही जगबुडीचं कारण नाही. व्यवसाय म्हटलं की चढउतार आलेच. प्रश्न एवढाच, की जाताना ती चावी ठेवून जाते की बरोबर घेऊन जाते? चावी ठेवून गेली, तर कुणीतरी हुशार माणूस पुढचं काम करतो. नेली, तर तीन हजारांचं घड्याळ म्हणजे रबरी पट्ट्याची बांगडी!

आपल्या कोल्हापूरला तर हे सांगायलाच नको. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. वस्तू उघडून बघायची, समजून घ्यायची, नसलेला भाग करून घ्यायचा, ही इथली रीतच आहे. शिवाजी उद्यमनगरात आजही जुन्या इंजिनाचा झिजलेला भाग नमुना म्हणून दाखवला की लेथवर तसाच कातून मिळतो. मूळ कंपनी आहे की नाही, असं कुणी विचारत नाही. पण कुलूप लावलेल्या ॲपपुढे उद्यमनगरचा मिस्त्री तरी काय करणार? त्याच्या हातात कसब आहे, पण पाना लावायला जागाच ठेवलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण बायकांनी जास्त काळजीने पाहायला हवी. ह्या ॲपमध्ये आपण काय काय भरतो? वय, वजन, झोप आणि मासिक पाळीच्या तारखासुद्धा! जी गोष्ट आपण घरात मोठ्याने बोलत नाही, ती कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. कंपनी बुडाली की तिच्या टेबल-खुर्च्या विकल्या जातात, तशी ही माहितीही विकायच्या यादीत येऊ शकते. अमेरिकेत लाळेवरून जनुकीय तपासणी करणारी एक मोठी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा कॅलिफोर्निया राज्याच्या ॲटर्नी जनरलनी लोकांना आपली माहिती पुसून टाकण्याची आठवण जाहीरपणे करून दिली होती. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. तोवर आपली राखण आपणच करायची.

मग कायदा आपल्या बाजूने काहीच नाही का? आहे, पण अपुरा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. १९१५ ह्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोनही करता येतो. पण कंपनीच दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, तर तिच्यावरचे दावे थांबतात आणि आपल्यासारखी ग्राहक बँकांच्या मागे रांगेत उभी राहते. २०२२ साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळही सुरू केलं. पाऊल चांगलं आहे. पण सुटे भाग आणि दुरुस्ती केंद्रांची माहिती मिळून भागत नाही, कारण आपल्या ह्या घड्याळात भाग मोडलेलाच नसतो.

बाहेरच्या देशांत ह्याचा विचार सुरू झाला आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटशी जोडलेली घरगुती वस्तू विकताना, तिला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील, हे कंपनीने जाहीर करावंच लागतं. युरोपीय संघात जून २०२५ पासून मोबाईल आणि टॅबलेटला किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट देणं बंधनकारक आहे. मग हे आपल्याकडे का नको? दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. घड्याळाच्या खोक्यावर 'हे ॲप अमुक सालापर्यंत चालू राहील' एवढी एक ओळ छापायला कितीसा खर्च येतो? आणि कंपनी बंद करायची वेळ आलीच, तर ग्राहकांना आधी सूचना द्यावी, त्यांची माहिती त्यांच्या हाती देऊन मग पुसावी आणि घड्याळ निदान ॲपशिवाय वेळ आणि पावलं दाखवील एवढी तरी मोकळीक ठेवावी. ही मागणी काही फार मोठी नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? घेतानाच विचारावं, की मोबाईल जवळ नसताना हे घड्याळ काय काय दाखवतं? ॲप किती वर्षांपासून आहे आणि शेवटचं कधी सुधारलं, हे मुलीला किंवा सुनेला मोबाईलवर बघायला सांगावं. पक्की पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. पाळीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिल्या तरी चालतात, त्या ॲपला सांगायलाच हव्यात असं नाही. साखर, रक्तदाब ह्यांचे आकडे एका वहीत उतरवावेत, कारण वहीची कंपनी बुडाली तरी वही कोरी होत नाही! आणि घड्याळ निकामी झालंच तर ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावं. त्यात बॅटरी असते.

मैत्रिणींनो, १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा प्रश्न होता, 'हे केवढ्याला?' आज त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आला आहे, 'हे किती वर्षं?' एकटीने विचारला तर दुकानदार हसून सोडून देईल. पण भिशीतल्या, बचत गटातल्या, महिला मंडळातल्या दहाजणींनी एकाच आठवड्यात विचारला, तर तो वितरकाला फोन करील आणि वितरक कंपनीला. ह्या दिवाळीला मुलं भेट आणतील तेव्हा कौतुक जरूर करा, आणि लगेच हा प्रश्नही विचारा.