वेणी, दम आणि संगणक

कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महानगरपालिकांच्या माननीय आयुक्तांस,



मी डोंबिवलीचा. छातीचे एक्स-रे काढण्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झालो. पेशंट एक्स-रे म्हणत नाहीत, 'फोटो' म्हणतात. बरोबरच आहे, फोटोसारखाच तो बिघडतोही.

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीत डिजिटल एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला मान्यता दिली. चाळीचाळींतून माणसं तपासायची तर याची गरज आहेच. आज ना उद्या रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर, कळवा या रुग्णालयांसाठी अशा सॉफ्टवेअरची निविदा तुमच्या टेबलावर येईल. तीत अचूकतेचे टक्के असतील. फोटोबद्दल एखादी ओळ असेल का?

एकदा जाड वेणीवाल्या बाई आल्या. रांग दाराबाहेर, मीही घाईत. वेणी पुढे घ्या नाहीतर मागे टाका, फोटोत येतेच. वर बांधावी लागते. ते राहिलं. फुप्फुसाच्या टोकाशी ढगाळ पट्टा उमटला, आणि टीबीची आवडती जागा नेमकी तीच. मला वेणी आठवली म्हणून फोटो पुन्हा काढला. संगणकानं ती बाई पाहिलेलीच नसते.

श्वासाचंही तसंच. 'दम धरा' म्हटलं की काही जण नुसतेच शांत उभे राहतात! अर्ध्या श्वासावरच्या फोटोत फुप्फुसांचे तळ पांढुरके दिसतात, हृदय उगाच मोठं दिसतं. मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या, तर श्वास पुरता भरलाय. फिल्म खिडकीला लावून मोबाइलवर टिपायची आणि व्हॉट्सॲपवरून पाठवायची, या प्रकाराबद्दल तर बोलायलाच नको.

२०१८ मध्ये अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणारा एक प्रोग्राम तपासला, तर तो फोटो कुठल्या रुग्णालयातला हेही ओळखत होता. परक्या रुग्णालयाच्या फोटोंवर तो कमी पडला. म्हणून खरेदीआधी कंपनीला आपल्याच यंत्रांवरचे, आपल्याच गर्दीत काढलेले फोटो वाचायला द्या, नाव-गाव काढून. बिघडलेला फोटो पुन्हा काढायची टेक्निशियनला मुभा द्या आणि तो का बिघडला याची नोंद ठेवायला लावा. दिवसाला किती फोटो काढले, एवढंच विचारलं जातं. किती टाकून दिले, हे मला कुणी कधी विचारलं नाही.

आणि प्रत्येक एक्स-रे खोलीत पडदा, धुतलेले गाऊन आणि केस बांधायला रबर ठेवा. त्याला निविदा लागत नाही.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
डोंबिवली (पूर्व)