उमेदवारी की हक्कांवाचून नोकरी?

उमेदवारी ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. सुताराच्या, सोनाराच्या किंवा वकिलाच्या हाताखाली काही काळ काढल्याशिवाय विद्या अंगी मुरत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. त्या व्यवस्थेत शिक्षणाबरोबर पिळवणूकही होती. म्हणूनच स्वतंत्र भारताच्या संसदेने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा केला. आज संगणक-उद्योगात ‘इंटर्नशिप’ या नावाने जे रूढ झाले आहे, ते मात्र या कायद्याला वळसा घालून उभे आहे.

पुण्याजवळ हिंजवडीतील एका कंपनीत अकरा महिने ‘इंटर्न’ राहिलेल्या एका विद्यार्थ्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. लातूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या सत्रात महाविद्यालयाने त्याला सहा महिन्यांसाठी पाठविले. पहिला महिना खरोखरच शिकण्यात गेला. दुसऱ्या महिन्यापासून प्रोग्रॅममधील दोष शोधून दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे आले. चौथ्यापासून अमेरिकेतील ग्राहकाच्या सोयीने तो रात्री अकरापर्यंत बसू लागला. शेजारच्या मेजावरील कायम अभियंता आणि तो एकाच यादीतील कामे वाटून घेत. फरक महिनाअखेरीस कळे. एकाला पगार, रजा व भविष्य निर्वाह निधी. दुसऱ्याला बारा हजारांचे विद्यावेतन, ज्यातील निम्म्याहून अधिक खोलीभाड्यात व खानावळीत जाई. सहा महिने संपले तेव्हा ‘कायम करण्याचा विचार चालू आहे’ असे सांगून मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. पदवी हाती आली तरी कंपनीच्या दप्तरी तो विद्यार्थीच राहिला. अखेरीस जागा नसल्याचे कळले, आणि त्याच खुर्चीवर पुढच्या तुकडीतील इंटर्न येऊन बसला.

या तरुणाला विचारले, तर तो कंपनीला दोष देत नाही. महाविद्यालयाने चार वर्षांत जे शिकविले नाही ते तेथे शिकलो, असे तो म्हणतो. आणि ते खरेही आहे. पण शिकणे आणि श्रम करणे या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. कारखान्यातील फिटरही कामावरच शिकत असतो. त्यासाठी त्याची मजुरी कोणी कापून घेत नाही. ज्याच्या श्रमातून विकाऊ माल निर्माण होतो तो श्रमिक होय, मग त्याच्या ओळखपत्रावर काहीही लिहिलेले असो.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवाराशी लेखी करार करून त्याची नोंदणी करावी लागते, किमान विद्यावेतन द्यावे लागते, आणि प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताखेरीज त्याला जादा वेळ राबविता येत नाही. इंटर्नशी असा नोंदणीकृत करार सहसा होतच नाही. म्हणजे उमेदवाराचे संरक्षण त्याला नाही. आणि विद्यार्थी म्हटल्यामुळे कामगाराचेही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी ही गत आहे.

त्यात आणखी एक पाऊल मागे पडले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा स्पष्ट समावेश होता. त्याची जागा घेणाऱ्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्याला त्या व्याख्येतून वगळले. तथापि हे वगळणे १९६१ च्या कायद्याखालील करारबद्ध उमेदवारापुरते आहे. ज्याच्याशी असा करारच केलेला नाही त्या इंटर्नला, प्रत्यक्ष कामाच्या आधारे, आपण कामगार आहोत असे म्हणण्यास जागा उरते. कामगार वकिलांनी हा मुद्दा न्यायालयात लढविला पाहिजे.

सरकारचा रोख मात्र निराळा आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत बारा महिन्यांसाठी दरमहा पाच हजार रुपये ठरले. त्यांतील साडेचार हजार सरकारी तिजोरीतून आणि अवघे पाचशे कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून! देशातील सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांसाठी आखलेल्या या योजनेत प्रशिक्षणाचा भार जनतेवर आणि श्रमाचे फळ भांडवलदाराकडे, असाच हा हिशेब झाला.

प्रशिक्षणावर आमचा खर्च होतो, असे कंपन्या म्हणतील. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांपुरते ते मान्य करू. म्हणूनच मुदतीला मर्यादा हवी. फ्रान्समध्ये एका संस्थेत एका शैक्षणिक वर्षात सहा महिन्यांहून अधिक इंटर्नशिप करविता येत नाही, आणि ती दोन महिन्यांहून लांबली तर मोबदला देणे बंधनकारक आहे. येथे हे का होऊ नये? प्रत्येक इंटर्नशी लेखी करार, सहा महिन्यांची कमाल मुदत, किमान वेतनाहून कमी नसलेले विद्यावेतन, आणि पदवीनंतर एक दिवसही ‘विद्यार्थी’ म्हणून न राबविण्याची अट, या चार मागण्या अवाजवी नाहीत.

पण मागण्या कागदावर राहून चालणार नाहीत. विद्यार्थी संघटना त्याला महाविद्यालयाबाहेरचा समजते, कामगार संघटना त्याला अजून कामगार मानीत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी ही दरी प्रथम बुजवावी. ज्या महाविद्यालयांतून मुले पाठविली जातात तेथील प्राचार्यांकडे कराराच्या प्रती मागाव्यात, मुदतवाढीची प्रकरणे नोंदवून ठेवावीत, आणि आपल्या युनियनच्या घटनेत इंटर्नला सभासदत्व देणारे कलम घालून घ्यावे. उद्याचा संगणक-कामगार आज एकटा आहे. त्याला संघटनेची ओळख त्याच्या पहिल्या नोकरीआधीच झाली पाहिजे.